रेडफर्नची जमीन कोणाच्या नावावर?

सिडनीला शिकायला गेलेल्या आमच्या एका भाच्याने गेल्या महिन्यात टेलिफोनवर सांगितले की, त्याला रेडफर्न स्टेशनला अगदी लागून असलेल्या चोवीस मजली वसतिगृहात खोली मिळाली. भाडे ऐकून त्याच्या आईचा जीव खालीवर झाला, तो भाग वेगळा. परंतु बोलता बोलता त्याने एक प्रश्न विचारला आणि तो आमच्या मनातून जाईना. तो म्हणाला, "मामा, ही जमीन इथल्या आदिवासींची आहे असे सगळे सांगतात. मग वर राहणारे आम्ही बहुतेक परदेशातले विद्यार्थी कसे?"

आपल्या बेटावरून ऑस्ट्रेलियाला गेलेली कुटुंबे आता थोडीथोडकी नाहीत. मेलबर्न, सिडनी, पर्थ येथे आपली माणसे घरे घेतात, आपली मुले तेथे भाड्याने राहतात. ती ज्या मोहल्ल्यांत राहतात त्यांचा इतिहास मात्र आपल्याला क्वचितच ठाऊक असतो. रेडफर्नचा इतिहास समजून घेण्यासारखा आहे, कारण शहरातल्या गरीब आणि अल्पसंख्य वस्तीच्या जमिनीला सोन्याचा भाव आला म्हणजे काय काय घडते, ते सारे तेथे एका चौकोनी तुकड्यात पाहायला मिळते.

रेडफर्न हे उपनगर सिडनीच्या मध्यभागापासून जेमतेम तीन किलोमीटरवर आहे. मूळची ही गडिगल लोकांची भूमी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तेथे ईव्हलीचे प्रचंड रेल्वे कारखाने सुरू झाले आणि आजूबाजूला कामगारांसाठी एकमेकांना चिकटलेल्या घरांच्या ओळी उभ्या राहिल्या. विसाव्या शतकात, विशेषतः १९३० नंतरच्या मंदीत, खेड्यापाड्यांतून आणि सरकारी राखीव वसाहतींतून सुटून आलेले आदिवासी येथे कामधंद्यासाठी येऊ लागले. इतर ठिकाणी त्यांना कोणी घर देत नसे. रेडफर्नमध्ये घरे पडकी होती, म्हणून मिळत होती. १९६७ च्या सार्वमतात नव्वद टक्क्यांहून अधिक ऑस्ट्रेलियन मतदारांनी आदिवासींच्या बाजूने कौल दिला. त्यानंतर ही ये-जा फार वाढली, आणि १९७० साली आदिवासींसाठी मोफत कायदेशीर मदतीचे केंद्र व १९७१ साली आदिवासींनीच चालवलेला दवाखाना, अशा दोन संस्था तेथे उभ्या राहिल्या. अशा प्रकारच्या त्या साऱ्या देशातल्या पहिल्या.

ईव्हली, कॅरोलाइन, लुइस आणि व्हाइन या चार रस्त्यांच्या मधला जो तुकडा, त्याला लोक नुसते "ब्लॉक" म्हणतात. १९७२ मध्ये येथील घरे विकत घेऊन, डागडुजी करून, अधिक पैसेवाल्या गोऱ्या भाडेकरूंना देण्याचा बेत चालला होता. रिकाम्या घरांत आसरा घेतलेल्या आदिवासींना पोलिसांनी पकडले. कोर्टाने सोडले, पण जायचे कुठे? जवळच्या कॅथॉलिक चर्चमधल्या पाद्र्यांनी आपल्या सभागृहात त्यांना झोपायला जागा दिली. माणसे वाढली, शेजारी तक्रार करू लागले, नगरपालिकेने नोटीस काढली.

येथे कामगारांनी जे केले ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्या काळी न्यू साउथ वेल्समध्ये बांधकाम मजुरांची एक युनियन होती, बिल्डर्स लेबरर्स फेडरेशन. जॅक मंडी हे तिचे गाजलेले पुढारी. या युनियनने असा पायंडा पाडला होता की, जे बांधकाम समाजाच्या मुळावर येईल त्यावर आमचा एकही मजूर वीट चढवणार नाही. बागा आणि जुन्या इमारती वाचवण्यासाठी त्यांनी असे बहिष्कार घातले, त्यांना "ग्रीन बॅन" म्हणत. रेडफर्नमध्ये हेच शस्त्र त्यांनी आदिवासींसाठी उपसले. मजूरच नाहीत म्हटल्यावर बिल्डर काय करणार? तो विकायला तयार झाला. डिसेंबर १९७२ मध्ये गफ व्हिटलम यांचे मजूर पक्षाचे सरकार आले आणि १९७३ मध्ये त्या सरकारने घरे खरेदी करण्यासाठी सुमारे ५ लाख ३० हजार डॉलरचे अनुदान दिले. ते कोणा सरकारी खात्याला न देता आदिवासींच्याच अॅबोरिजिनल हाउसिंग कंपनीला दिले, ही त्यातली खरी गोष्ट. या कामात पुढे असलेले बॉब बेलिअर हे पुढे १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियातील पहिले आदिवासी न्यायाधीश झाले.

त्यानंतर सुमारे वीस वर्षे कंपनी एकेक घर घेत गेली आणि १९९० नंतरच्या काही वर्षांत जवळजवळ सबंध तुकडा तिच्या नावावर झाला. खरेदीखताने, रोख पैशाने.

या खरेदीखताचे महत्त्व आमच्या वाचकांना जास्त सांगायला नको. आपले पणजोबा मुंबई बंदरातून या बेटावर ऊस तोडायला आले. पुढे साखरेचे भाव पडले तेव्हा मळेवाल्यांनी आपल्या कडेच्या, कमी कसाच्या जमिनी तुकडे पाडून विकायला काढल्या, तीच मोर्सेलमाँ. आपल्या माणसांनी हप्त्याहप्त्याने ते तुकडे घेतले आणि नोटरीचा कागद ट्रंकेत तळाशी ठेवला. त्या कागदामुळे माणूस मजुराचा गावकरी झाला. ऑस्ट्रेलियात तर या कागदाला आणखी एक कारण आहे. १९९२ च्या जूनमध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने माबो खटल्यात मान्य केले की गोऱ्यांच्या आगमनापूर्वीचा आदिवासींचा जमिनीवरचा हक्क कायद्याला धरून आहे. त्याच वर्षी १० डिसेंबरला पंतप्रधान पॉल कीटिंग यांनी रेडफर्नच्याच बागेत भाषण करून जमिनी आम्ही हिरावल्या अशी कबुली दिली. परंतु जी जमीन एकदा खाजगी मालकीने विकली गेली तिच्यावरचा हा जुना हक्क संपतो, असा कायदा आहे. सिडनीसारख्या शहरात जवळजवळ सारी जमीन विकलेलीच. म्हणजे ज्यांची भूमी, त्यांनाच ती बाजारभावाने परत विकत घेणे भाग. ब्लॉक ही अशी परत विकत घेतलेली भूमी होय.

आता वाईट दिवसांचेही सांगितले पाहिजे, कारण रेडफर्नचे चाहते पुष्कळदा ते गाळतात. घरे नावावर झाली, पण ती शंभर वर्षांची जीर्ण घरे होती. भाडे कमी, तेही वेळेवर येईना, दुरुस्तीला पैसा कुठला? रेल्वे कारखाने १९८० नंतर बंद झाले आणि रोजगार गेला. त्यानंतर हेरॉइन आले. १९९० नंतर ब्लॉक म्हणजे अमली पदार्थांचा बाजार अशीच सिडनीभर ख्याती झाली, आणि त्यात बदनामी किती व सत्य किती हे निवडणे कठीण असले तरी सत्य काहीच नव्हते असे म्हणता येणार नाही. कंपनीने स्वतःच घरे पाडायला सुरुवात केली. फेब्रुवारी २००४ मध्ये सतरा वर्षांच्या एका आदिवासी मुलाचा सायकलवरून पडून मृत्यू झाला. पोलीस पाठलाग करीत होते असे त्याच्या कुटुंबाचे म्हणणे, पोलिसांचा इन्कार. त्या रात्री स्टेशनसमोर दंगल उसळली. २०१० च्या सुमारास उरलेल्या कुटुंबांनाही हलवण्यात आले आणि घरांची जागा मोकळी झाली. हलवताना सांगितले की, नवी घरे बांधू तेव्हा परत या.

ही नवी घरे म्हणजे पेमुलवुय प्रकल्प. १७९० पासून बारा वर्षे इंग्रजांशी झुंजलेल्या आणि १८०२ मध्ये मारल्या गेलेल्या आदिवासी योद्ध्याचे नाव त्याला दिले. योजनेत आदिवासी कुटुंबांसाठी ६२ घरे होती. पण दंगलीनंतर राज्य सरकारने रेडफर्न आणि शेजारचे वॉटर्लू यांसाठी वेगळे प्राधिकरण नेमून नियोजनाचे अधिकार आपल्याकडे घेतले होते. एकाच जागी इतकी आदिवासी कुटुंबे सरकारला नको होती. दुकाने व कचेऱ्या चालतील, घरे कमी करा, असा त्यांचा कल. या घासाघिशीत वर्षे गेली. प्रकल्पाला मंजुरी मिळाली ती २०१२ च्या अखेरीस.

मंजुरी आली तेव्हा पैसा नव्हता. येथेच सबंध प्रकरणाची गाठ आहे, म्हणून थोडे थांबून पाहू. कमी भाड्याच्या घरांतून येणाऱ्या उत्पन्नात बांधकामाचे कर्ज फिटत नाही. बँक जमिनीकडे पाहत नाही, दरमहा किती येणार ते पाहते. सरकारने मदत नाकारली तेव्हा कंपनीने हिशेब मांडला की, आधी दुकाने, कचेऱ्या आणि विद्यार्थ्यांचे वसतिगृह बांधू, त्याच्या पैशातून मग ६२ घरे बांधू. हिशेब म्हणून तो चुकीचा नव्हता. परंतु दहा-पंधरा वर्षे बाहेर काढलेल्या माणसांना "मग" या शब्दाचा अर्थ चांगला कळतो.

२६ मे २०१४ रोजी जेनी मन्रो या ज्येष्ठ आदिवासी बाईंनी ब्लॉकच्या मोकळ्या मैदानावर तंबू ठोकला. आधी घरे, मग दुकाने, एवढीच मागणी. सिडनीच्या हिवाळ्यात, पावसात, पंधरा महिने तंबू तेथे राहिले. गंमत अशी की भांडण गोऱ्यांशी नव्हते. एका बाजूला आदिवासींची कंपनी, तिचे अधिकारी मिक मंडाइन, दुसऱ्या बाजूला आदिवासींच्याच बायाबापड्या. दोघेही म्हणत होते की जागा आपल्या लोकांसाठी आहे. कंपनी कोर्टात गेली आणि ऑगस्ट २०१५ मध्ये तंबू उठवण्याचा हुकूम तिच्या बाजूने झाला. कायद्याने जमीन कंपनीची, त्याला इलाज नव्हता. पण त्याच आठवड्यात केंद्र सरकारने घरांसाठी ५० लाख डॉलर जाहीर केले आणि दुकानांसाठी थांबावे न लागता घरांचे काम धरता येईल अशी तडजोड झाली. जे सरकार वर्षानुवर्षे पैसा नाही म्हणत होते त्याला तो पंधरा महिन्यांच्या तंबूनंतर सापडला. खटला हरलेल्या बाईंनी मागणी मात्र जिंकली, असे आमचे मत आहे.

याच सुमारास आजूबाजूचे रेडफर्न झपाट्याने बदलत होते. २०१४ मध्ये तेथील सदनिका विकणाऱ्या एका दलालाच्या जाहिरातीत आदिवासी आता येथून गेले आहेत, ही गोष्ट गिऱ्हाइकाला आमिष म्हणून सांगितली होती. बोभाटा झाल्यावर ती मागे घेतली. दलालाने ते छापले ही त्याची चूक. पण तसे मनात धरून घर घेणारे किती होते, ते कोण मोजणार?

शेवटी झाले ते असे. सरकारी मदत पुरेशी नव्हतीच. म्हणून वसतिगृहाची उंची वाढवत नेली. आधी लहानसे मंजूर झालेले वसतिगृह चोवीस मजल्यांचे आणि ५९६ विद्यार्थ्यांचे झाले. नगरपालिका व शेजारी उंचीबद्दल कुरकुरले, पण २०१९ मध्ये परवानगी मिळाली. जमीन कंपनीचीच राहिली आणि मनोरा दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिला. त्यातून ६२ घरे उभी राहिली आणि २०२१ पासून त्यांत आदिवासी कुटुंबे राहू लागली. म्हणजे आमच्या भाच्याच्या प्रश्नाचे उत्तर असे की, त्याच्यासारख्यांच्या भाड्यावरच खालची ती घरे उभी आहेत.

हा सौदा बरा की वाईट? सिडनीतले पुष्कळ जण म्हणतात की ५९६ खोल्यांसमोर ६२ घरे ही थट्टा आहे. आम्हाला इतके टोकाचे वाटत नाही. स्टेशनसमोरच्या त्या जागेवर आज ६२ काय, दोन आदिवासी घरेही बाजाराच्या हिशेबाने उभी राहिली नसती. मालकीचा कागद हाती नसता तर कंपनीला सौद्याला बसण्याइतकीही जागा नव्हती. तिने जमीन विकली नाही, ही तर फारच मोठी गोष्ट, कारण चांगली रक्कम घेऊन बाहेरच्या स्वस्त उपनगरात तिप्पट घरे बांधण्याचा मोह कोणालाही झाला असता. मग त्यात आदिवासींची जागा उरली असती, पण रेडफर्न उरले नसते. दवाखाना, वकिलांची मदत, आपापल्या गावची माणसे भेटण्याची जागा, हे सारे तिप्पट घरांत मिळत नाही.

आमचा आक्षेप आहे तो वेळेबद्दल. घरे पाडणे आणि घरे बांधणे यांच्यामध्ये दहा, काहींच्या बाबतीत वीस वर्षे गेली. एवढ्या काळात म्हातारी माणसे वारतात, मुले पश्चिमेकडच्या उपनगरांत मोठी होतात आणि तिकडचीच होतात. परत या म्हटले तरी परत येणारा तो माणूस राहिलेला नसतो. एकेकाळी हजारोंनी आदिवासी असलेल्या रेडफर्नमध्ये आता शंभरात दोन-तीनच उरले आहेत. म्हणून असल्या कोणत्याही योजनेविषयी पहिला प्रश्न किती घरे मिळणार हा नसावा. आधी कोणते बांधणार, आणि तोवर आम्ही कुठे राहणार, हे आधी विचारावे. ब्लॉकच्या माणसांनी हे दोन प्रश्न सुरुवातीला लेखी बांधून घेतले असते तर तंबू ठोकावे लागले नसते.

हेच प्रश्न आता शेजारी, वॉटर्लूमध्ये उभे आहेत. तेथे सरकारी मालकीची सुमारे दोन हजार भाड्याची घरे आहेत, त्यांत मटावाई आणि टुरांगा हे तीस मजली मनोरेही आले. १९७७ मध्ये त्यांच्या उद्घाटनाला खुद्द इंग्लंडची राणी आली होती. डिसेंबर २०१५ मध्ये राज्य सरकारने एकाच दमात दोन गोष्टी सांगितल्या की येथे मेट्रोचे स्टेशन होईल आणि ही वसाहत पाडून नवी बांधू. स्टेशन ऑगस्ट २०२४ मध्ये सुरूही झाले. वसाहतीच्या दक्षिण भागातील साडेसातशेच्या आसपास जुन्या घरांच्या जागी तीन हजारांवर नवी घरे यायची आहेत. २०२३ मध्ये नव्या सरकारने जाहीर केले की त्यातली निम्मी गरिबांना किंवा मध्यम उत्पन्नाच्या लोकांना परवडतील अशी असतील, आधीच्या योजनेत हे प्रमाण बरेच कमी होते. २०२४ मध्ये काम एका मोठ्या बांधकाम कंपनीकडे आणि तिच्यासोबतच्या गृहसंस्थांकडे सोपवले. त्या संस्थांत बिर्रिबी ही आदिवासींची संस्था आहे, हा ब्लॉकच्या लढ्याचाच गुण म्हणावा.

मात्र "परवडणारे" या शब्दाची फोड करून पाहावी लागते. सरकारी घरातला भाडेकरू आपल्या उत्पन्नाच्या पंचवीस ते तीस टक्के भाडे देतो, मग बाजारात भाव काहीही असो. परवडणारे घर म्हणून जे दिले जाते त्याचे भाडे पुष्कळदा बाजारभावापेक्षा वीस-पंचवीस टक्के कमी, इतकेच. सिडनीतला बाजारभाव लक्षात घेता सफाई कामगाराला किंवा पेन्शनवरच्या आजीला त्याचा उपयोग काय? निम्म्या घरांतली बहुतेक पहिल्या प्रकारची आहेत, हे खरे, आणि ते चांगले आहे. परंतु वॉटर्लूच्या भाडेकरूंजवळ मालकीचा कागद नाही, सरकारचा शब्द आहे. तो शब्द २०१५ पासून दोन-तीनदा बदललेला त्यांनी पाहिला आहे.

कागद नसला तर काय होते, याचे उदाहरण आपल्या पूर्वजांच्या मुलखात आहे. ज्या रत्नागिरी-सावंतवाडीकडच्या गावांतून आपले पूर्वज बोटीत बसले, त्याच गावांतून पुढे हजारो माणसे मुंबईच्या गिरणगावात गेली. जानेवारी १९८२ मध्ये दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप झाला, तो कधी रीतसर मिटलाच नाही, आणि गिरण्या एकेक बंद पडल्या. उरली ती मुंबईच्या ऐन मध्यावरची सुमारे सहाशे एकर जमीन. १९९१ च्या नियमाने तिचे तीन वाटे ठरले होते, एक शहराच्या मोकळ्या जागांना, एक सार्वजनिक घरांना, एक मालकाला. २००१ मध्ये नियमात फेर झाला की वाटणी सबंध जमिनीची नाही, फक्त इमारत नसलेल्या रिकाम्या जागेची. शब्द थोडेच बदलले, पण शहराचे आणि कामगारांचे वाटे आक्रसून गेले. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तो फेर कायम ठेवला. दीड लाखाहून अधिक कामगारांनी व वारसांनी घरांसाठी अर्ज केले आणि पहिली मोठी सोडत २०१२ मध्ये निघाली, तीही सात हजारांच्या आत घरांची. ज्यांनी तीन पिढ्या तेथे घाम गाळला त्यांच्यापाशी भिंतीची एक वीटही नावावर नव्हती, आणि त्यांच्यासाठी बहिष्कार घालणारी बांधकाम मजुरांची युनियनही नव्हती.

आपल्या बेटावर कागद आहे, पण तो कोणत्या अवस्थेत आहे ते पाहायला हवे. २००२ पासून परदेशी लोकांना बंगले विकण्याच्या योजना सुरू झाल्या, २०१५ मध्ये त्यात स्मार्ट सिटीची भर पडली. पावणेचार लाख अमेरिकन डॉलरचे घर घेणाऱ्याला येथे राहण्याचा परवाना मिळतो. पश्चिम किनाऱ्यावर, तामारँपासून फ्लिक-आँ-फ्लाकपर्यंत, उसाच्या शेतांत कुंपणांच्या वसाहती उभ्या राहिल्या आहेत, आणि कास्कावेलही आता मोठ्या बाजार-संकुलाच्या नावाने ओळखले जाते. आपल्या कित्येक घरांत पणजोबांचा तो मोर्सेलमाँचा तुकडा अजून वारसांच्या नावे न वाटलेला पडून आहे. एक भाऊ बेटावर, एक मेलबर्नला, बहिणीची मुले लंडनला. दलाल येतो तो सगळ्यांकडे एकदम येत नाही. ज्याला पैशाची नड असते त्याच्याकडे तो आधी जातो, त्याच्या वाट्याची सही घेतो आणि मग बाकीच्यांना नोटीस येते. ज्या घरांत असे तुकडे आहेत त्यांनी परदेशातल्या नातलगांशी बोलून, नोटरीकडे जाऊन, नावे नीट लावून घेण्याचे काम दलालाच्या आधी करावे. आमच्या भाच्याच्या आईचा तुकडाही त्यातलाच आहे, आणि तिच्या चार भावांपैकी दोघांच्या सह्या अजून यायच्या आहेत.